विश्लेषण : उपवासात वाचलेला घास जातो कुठे?

ख्रिस्ती धर्मीयांचा उपवासकाळ यंदा १८ फेब्रुवारीला सुरू झाला असून ५ एप्रिलला ईस्टरने त्याची सांगता होईल. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची त्रिसूत्री. गेल्या सहा-सात दशकांत जगभरातील चर्चनी या त्रिसूत्रीला भुकेविरुद्धच्या संघटित मोहिमेचे रूप दिले आहे. स्वतःहून पत्करलेली भूक आणि नाइलाजाने सोसावी लागणारी भूक यांची सांगड कशी घातली जाते, त्यातून काय साधते आणि काय राहून जाते, याविषयी…

उपवासकाळ म्हणजे काय?

इंग्रजीत ‘लेंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळाला मराठी ख्रिस्ती समाजात उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर राख लावली जाते आणि ४० दिवसांची सुरुवात होते. सार्वजनिक कार्याला आरंभ करण्यापूर्वी येशू ख्रिस्ताने अरण्यात ४० दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंतचे दिवस मोजले तर ते ४६ भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने सहा रविवार त्यातून वगळले जातात. झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार आणि गुड फ्रायडे हे शेवटच्या आठवड्यातील महत्त्वाचे दिवस. यंदा गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे. गोव्यातील कार्निव्हलही याच काळाशी जोडलेला आहे. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तो संपतो. ‘कार्निव्हल’ या शब्दाच्या मुळाशीही मांसाहार दूर ठेवण्याचीच कल्पना असल्याचे मानले जाते.

उपवासाचे नियम कोणते?

लॅटिन परंपरेच्या कॅथलिक चर्चमध्ये राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. १८ ते ५९ वयोगटातील व्यक्तींनी या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे आणि लागल्यास दोन वेळा थोडेसे खायचे, अशी साधारण पद्धत. आजारी व्यक्ती आणि गर्भवती यांना सूट असते. याशिवाय उपवासकाळातील शुक्रवारी १४ वर्षांवरील व्यक्तींनी मांस वर्ज्य करावे, अशी प्रथा आहे. पूर्वीचे नियम याहून बरेच कडक होते. पोप सहावे पॉल यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये ते शिथिल केले. मात्र, प्रायश्चित्त केवळ खाण्यापिण्यापुरते राहू नये, त्याला प्रार्थनेची आणि परोपकाराची जोड हवी, असा आग्रहही त्याच वेळी धरला. केरळमधील सिरियन ख्रिस्ती परंपरेत हा उपवास अधिक दीर्घ म्हणजे ५० दिवसांचा असतो. प्रोटेस्टंट पंथांत सक्ती नसते, तरी अनेक मंडळ्या हा काळ पाळतात.

उपवासाचा भुकेल्यांशी संबंध कसा?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसाला नवी नाही. नियम पाळूनही चैन करता येते, हे सर्वच धर्मांतील उपवासांबाबत खरे आहे. शुक्रवारी मटण वर्ज्य असले तरी पापलेट-कोळंबीला बंदी नाही! ही पळवाट धर्मग्रंथांना फार आधीच दिसली होती. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायात उपवासाचे अवडंबर माजवणाऱ्यांची कानउघाडणी आहे. एकीकडे उपवास करायचा आणि दुसरीकडे आपल्याच मजुरांना पिळायचे, हा देवाला मान्य असलेला उपवास नव्हे; भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, बेघराला आसरा देणे हा खरा उपवास, असा त्याचा आशय. पाचव्या शतकातील पोप थोर लिओ यांनी आपल्या प्रवचनांतून हाच धागा पुढे नेला. श्रद्धावंताने जे खाल्ले नाही ते गरिबाच्या पोटात गेले पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती.

म्हणजेच या परंपरेत न खाणे हा अर्धाच भाग आहे. वाचलेला घास कोणाच्या तरी ताटात पडतो तेव्हाच उपवास पूर्ण होतो. यंदा राखेचा बुधवार आणि रमजानचा प्रारंभ एकाच आठवड्यात आला. ईदच्या नमाजापूर्वी गरिबांना ‘फितरा’ देण्याच्या प्रथेमागेही हीच जाणीव आहे.

संघटित मोहीम कधी सुरू झाली?

वैयक्तिक दानाला संघटित रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. यात महत्त्वाचे नाव जर्मनीतील कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांचे. १९४६-४७ च्या हिवाळ्यात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या कोलोन शहरात अन्न आणि कोळसा यांची तीव्र टंचाई होती. १९४६ च्या अखेरच्या रात्रीच्या प्रवचनात फ्रिंग्स यांनी सांगितले, की कष्ट करून किंवा विनंती करूनही मिळत नसेल, तर जीव आणि प्रकृती राखण्यापुरते घेणे क्षम्य मानता येईल. जगण्यासाठी मालगाड्यांतून कोळसा उचलण्याला लोकांनी मग ‘फ्रिंग्सन’ असे क्रियापदच बहाल केले.

भूक जवळून पाहिलेल्या याच धर्मगुरूने १९५८ मध्ये जर्मन बिशपांपुढे जगातील भूक आणि रोग यांविरुद्ध मोहिमेचा प्रस्ताव मांडला. त्यातून ‘मिझेरिओर’ ही संस्था उभी राहिली आणि १९५९ च्या उपवासकाळात पहिला निधी गोळा झाला. काही वर्षांपूर्वी मदतीची पाकिटे स्वीकारणारा देश आता देणारा झाला होता. मध्ययुगीन जर्मनीत उपवासकाळात वेदी झाकण्यासाठी चित्रांकित पडदा लावत. त्याला ‘भुकेचे वस्त्र’ म्हणत. मिझेरिओरने १९७६ मध्ये ही प्रथा नव्याने सुरू केली, तेव्हा पहिले वस्त्र चितारले ते पुण्यात जन्मलेले भारतीय चित्रकार ज्योती साही यांनी.

इंग्लंडमध्ये कॅथलिक महिलांच्या मंडळाने १९६० मध्ये ‘कुटुंबाचा उपवास दिन’ पाळला. घराघरांत साधे जेवण करून वाचवलेले पैसे कॅरिबियन बेटांतील डॉमिनिका येथील माता-बालक दवाखान्यासाठी देण्यात आले. त्यातूनच १९६२ मध्ये ‘कॅफोड’ ही मदतसंस्था जन्माला आली. १९६० मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने भुकेपासून मुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली होती. तिचे प्रणेते होते संघटनेचे तत्कालीन महासंचालक बिनय रंजन सेन. १९४३ च्या बंगाल दुष्काळात मदतकार्याची जबाबदारी सांभाळलेले हे भारतीय अधिकारी.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध काय?

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले. भारतात आलेले ते पहिले पोप. येथील दारिद्र्य पाहिल्यानंतर त्यांनी जगाला आवाहन केले, की राष्ट्रांनी शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा. मार्च १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या विकासविषयक परिपत्रकात त्यांनी या मुंबईतील आवाहनाचा पुनरुच्चार केला. घरातील एका घासापुरता असलेला विचार येथे राष्ट्रांच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचला. तो निधी त्या स्वरूपात कधीच उभा राहिला नाही. मात्र भूक हा केवळ दयेचा नव्हे तर न्यायाचा प्रश्न आहे, ही भूमिका त्यानंतर चर्चच्या सामाजिक शिकवणीत रुजली.

पुठ्ठ्याची पेटी आणि मूठभर तांदूळ हे काय प्रकरण आहे?

आफ्रिकेतील दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाऊन येथे १९७५ मध्ये एक साधा उपक्रम सुरू झाला. उपवासकाळात कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी पेटी ठेवायची, आठवड्यातून एकदा साधे जेवण करायचे आणि वाचलेले पैसे पेटीत टाकायचे. ‘राइस बोल’ नावाचा हा उपक्रम १९७७ मध्ये ‘कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस’ या संस्थेने देशभर स्वीकारला. जमलेल्या निधीपैकी ७५ टक्के रक्कम परदेशांतील कामासाठी जाते, तर २५ टक्के स्थानिक भागातील भूकनिवारणासाठी ठेवली जाते. सोबत वेगवेगळ्या देशांतील बिनमांसाच्या साध्या पाककृती दिल्या जातात. दुसऱ्या देशातील गरीब माणूस काय खातो, हे मुलांना ताटातूनच कळावे हा त्यामागचा उद्देश.

भारतात अशी कल्पना त्याहून जुनी आहे. मिझोराममध्ये १९१० पासून प्रेस्बिटेरियन चर्चच्या घरांतील महिला प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तो विकून आलेला पैसा चर्चच्या कार्यासाठी वापरला जातो. महाराष्ट्रालाही ही पद्धत परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी ‘मुष्टिफंड’ उभारला होता. घरोघरी बाया दळणातले मूठभर धान्य काढून ठेवत आणि त्यावर बहुजनांची मुले शिकत. देणारा फार श्रीमंत असावा लागत नाही, त्याने नियमित द्यावे लागते, हे या सर्व उपक्रमांतील समान सूत्र.

केवळ दान पुरेसे आहे का?

नाही, असे या मोहिमांतील अनेक जाणकारही मानतात. जगात अन्नाचे उत्पादन एकूण गरजेपेक्षा कमी नाही. अडचण आहे ती गरिबाच्या क्रयशक्तीची, युद्धांची, हवामानाच्या फटक्यांची आणि वाटपाची. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार, २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक म्हणजे ८.२ टक्के लोकसंख्या भुकेली होती. इतकी मोठी दरी दानपेट्यांनी भरून निघणार नाही.

म्हणूनच लुथरन पाळक आर्थर सायमन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संघटना उभारताना वेगळा मार्ग निवडला. ही संघटना अन्नाची पाकिटे वाटत नाही. चर्चमध्ये भाविक आपल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहितात, पोषण आहार आणि अन्नसाहाय्याच्या योजनांसाठी तरतूद मागतात आणि ती पत्रे दानाप्रमाणे अर्पण करतात.

ब्राझीलमध्ये बिशपांची परिषद १९६४ पासून दर उपवासकाळात ‘बंधुता मोहीम’ चालवते. दरवर्षी एक सामाजिक प्रश्न निवडला जातो. २०२३ मध्ये विषय होता भूक. त्याआधीच्या वर्षी झालेल्या सर्वेक्षणात देशातील ३ कोटी ३० लाखांहून अधिक लोक तीव्र उपासमारीला तोंड देत असल्याचे आढळले होते. त्याच वर्षी नव्या सरकारने बंद पडलेली राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद पुन्हा सुरू केली. २०२५ मध्ये ब्राझील संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशातून बाहेर पडला. याचे श्रेय मुख्यतः रोजगार, शालेय आहार आणि थेट अर्थसाहाय्याच्या सरकारी धोरणांना जाते. तरीही हा प्रश्न चर्चेत ठेवणाऱ्यांमध्ये उपवासकाळातील मोहिमेचाही वाटा होता.

भारतात कोणत्या मोहिमा चालतात?

भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६२ मध्ये स्थापन केलेली ‘कारितास इंडिया’ ही संस्था दरवर्षी उपवासकाळात भूक आणि रोग यांविरुद्ध मोहीम राबवते. प्रत्येक वर्षासाठी एक विषय ठरतो, धर्मग्रामांत त्यावर प्रार्थना आणि चर्चा होतात आणि निधी गोळा केला जातो. प्रत्यक्ष काम मुख्यतः धर्मप्रांतांच्या स्थानिक समाजसेवा संस्थांमार्फत चालते.

अशा देशांतर्गत निधीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास त्यामुळे मनाई झाली. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मध्यवर्ती संस्थेने निधी आणायचा आणि गावपातळीवरील छोट्या संस्थेने तो वापरायचा, ही जुनी साखळी त्याने तुटली. देशातच जमलेल्या पैशाला हे बंधन लागू नाही. त्यामुळे धर्मग्रामातील दानपेटीला आता पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती जवळचा?

याचे उत्तर पालघर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. राज्यातील मराठी भाषक कॅथलिक समाजाचे महत्त्वाचे केंद्र असलेली वसई याच जिल्ह्यात आहे आणि कुपोषणासाठी वर्षानुवर्षे चर्चेत असलेले जव्हार-मोखाडाही याच जिल्ह्यात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तरीही पावसाळ्यानंतर रोजगार संपतो, कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात आणि त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांचा अंगणवाडीशी संबंध तुटतो.

राज्याची आकडेवारीही दिलासादायक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. दुसऱ्या निकषावर देशाची सरासरी १९.३ टक्के आहे. म्हणजे तुलनेने संपन्न असलेले राज्य येथे देशाच्या मागे आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली पात्र व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र, धान्याने पोट भरते. डाळ, अंडी, दूध, भाजी आणि तेल यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

आक्षेप कोणते घेतले जातात?

पहिला आक्षेप असा, की ४० दिवसांच्या दानाने देणाऱ्याचे मन हलके होते. घेणाऱ्याची परिस्थिती बदलत नाही. हा धोका खरा आहे. त्यामुळे आता अनेक संस्था निव्वळ धान्यवाटपाऐवजी परसबागा, पारंपरिक बियाणे, पाणलोट, बचतगट यांवर भर देतात. रेशनकार्ड आणि रोजगार हमी यांसारखे हक्क मिळवून देण्यासाठी मदत करतात.

दुसरा आक्षेप धर्मांतराविषयीचा. मदतीच्या बदल्यात श्रद्धा बदलायला लावली जाते का, असा संशय भारतात वारंवार व्यक्त होतो. आपत्तीतील मदतकार्यासाठी १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी तयार केलेल्या आचारसंहितेत, मदत कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी वापरली जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कारितासचा आंतरराष्ट्रीय महासंघ या संहितेच्या पुरस्कर्त्यांपैकी एक आहे. हे तत्त्व पाळले जाते का, हे प्रत्येक ठिकाणच्या कामावरूनच तपासावे लागते. लाभार्थींची निवड गरजेनुसार आणि हिशेब उघड, हाच या संशयावरचा टिकाऊ उपाय.

मग प्रार्थनेचे काम काय?

भुकेल्यांसाठी नुसती प्रार्थना करून काय होणार, हा प्रश्न श्रद्धावंतही विचारतात. ख्रिस्ती परंपरेतील उत्तर असे, की प्रार्थना कृतीऐवजी नसून कृतीच्या आधी असते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. पण ती ‘मला दे’ अशी एकट्यासाठी नाही, तर ‘आम्हांला’ अशी सर्वांसाठी आहे. ती रोज म्हणणाऱ्याला ‘आम्ही’ म्हणजे कोण, याचा विचार करावा लागतो. त्या ‘आम्ही’मध्ये जव्हारमधील बाळंतीण येते का, वीटभट्टीवरचे मूल येते का, यावर पुढची कृती ठरते.

एका घराच्या उपवासाने किती फरक पडतो?

उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. यंदाच्या उपवासकाळात सात शुक्रवार आहेत. चार जणांच्या कुटुंबाने दर शुक्रवारी माणशी ५० रुपयांचा खर्च टाळला, तर सात आठवड्यांत १,४०० रुपये होतात. ५०० कुटुंबांच्या एका धर्मग्रामात हीच रक्कम सात लाखांवर जाते. एवढ्या पैशात एखाद्या पाड्यावरील अंगणवाडीच्या मुलांना अंडी आणि डाळीची जोड देता येते, परसबागेसाठी बियाणे घेता येते. जगाची भूक त्याने संपणार नाही. मात्र, पैसे जमवताना आपल्याच जिल्ह्यात रेशन कोणाला मिळत नाही, अंगणवाडी का बंद आहे, पोषण आहाराचे पैसे कुठे अडले आहेत, हे प्रश्न विचारले गेले, तर त्या रकमेपेक्षा मोठे काम होते. ५ एप्रिलला उपवास सुटेल आणि ताटे पुन्हा भरतील. ज्यांचा उपवास कोणत्याही तारखेला सुटत नाही, त्यांच्याकडे ६ एप्रिलपासून किती लक्ष राहते, यावर या ४० दिवसांचा हिशेब ठरेल.